घरी केलेलं व्हिटॅमिन सी सीरम: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

घरी व्हिटॅमिन सीचं सीरम करून चेहऱ्याला लावायला लागले, त्याला आता बरेच महिने झाले. इतक्या वापरानंतर माझं एक मत पक्कं झालंय: या सीरमची सगळी मदार ताजेपणावर आहे. टक्के किती, सोबत काय काय घातलंय, बाटली कशी आहे, हे सगळं त्यानंतर येतं. दूध कसं आपण लागेल तेवढंच आणतो, तसंच याचं. म्हणूनच ते घरी करण्यात अर्थ आहे.

आपण ज्याला व्हिटॅमिन सी म्हणतो ते एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. कोरडी पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलाव्यापासून लांब ठेवली तर कित्येक महिने चांगली राहते. पाण्यात विरघळली की मात्र हवा, उजेड आणि उष्णता तिघंही तिच्या मागे लागतात. आधी तिचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. इथवर परत फिरता येतं. त्यापुढे रेणूचं कडं उघडलं की परतीची वाट बंद. मग जे तुकडे पडतात त्यातला एक म्हणजे एरिथ्रुलोज. त्वचा रापलेली दिसावी म्हणून लावायच्या क्रीममध्ये हेच द्रव्य घालतात. जुनं झालेलं सीरम लावल्यावर नखांच्या कडा आणि केसांच्या रेषेजवळची त्वचा पिवळसर का दिसते, याचं उत्तर इथे मिळतं. ड्रॉपरच्या मानेवर सुकलेला थेंब बघा, बाटलीतलं सीरम स्वच्छ असतानाही तो नारिंगी झालेला असतो. पातळ थर, भरपूर हवा, त्यामुळे पुढे काय होणार ते तिथे आधी दिसतं.

कृतीकडे वळण्याआधी लिंबाबद्दल बोलायलाच हवं, कारण 'घरगुती व्हिटॅमिन सी' म्हटलं की लोकांना आधी लिंबू आठवतं. लिंबू चेहऱ्याला लावू नका. लिंबाच्या 100 ग्रॅम रसात व्हिटॅमिन सी साधारण 40 ते 50 मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्ध्या टक्क्याचाही दहावा भाग. सीरममध्ये ते 10 टक्के किंवा त्याहून जास्त लागतं. रसातला आंबटपणा आहे तो सायट्रिक ॲसिडचा. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन्महिने जात नाहीत. डाग घालवायला निघालेल्या माणसाच्या कपाळी नवे डाग येणं, यासारखं वाईट नाही.

चघळायच्या गोळ्या कुटून घालणंही तितकंच निरुपयोगी. त्यात साखर, रंग, स्वाद आणि गोळी बांधून ठेवणारे पदार्थ असतात, ते नीट विरघळतही नाहीत. बऱ्याच गोळ्यांत ॲस्कॉर्बिक ॲसिडऐवजी सोडियम ॲस्कॉर्बेट असतं. ते आम्लधर्मी नाही, आणि इथे आम्लधर्मी असण्यालाच महत्त्व आहे. ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने 2001 मध्ये डुकराच्या त्वचेवर केलेलं काम या बाबतीत पायाभूत मानलं जातं. त्यात दिसलं की पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 3.5 च्या खाली असेल तरच ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत नीट उतरतं, 20 टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवलं तर त्वचेतलं प्रमाण वाढतं, त्यापुढे वाढवून फायदा नाही. रोज लावल्यास तीन दिवसांत त्वचा भरून जाते आणि तिथलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात. या शेवटच्या आकड्याने माझी मोठी सोय केली. एखाद्या दिवशी लावायचं राहिलं तर जीव टांगणीला लागत नाही.

आता माझी कृती. मी एका वेळी फक्त 10 मिलिलिटर करते. बहुतेक ठिकाणी 30 मिलिलिटरची कृती दिलेली असते, ती मला पटत नाही. चेहऱ्याला पाच-सहा थेंब, म्हणजे पाव ते एक तृतीयांश मिलिलिटर लागतं. 30 मिलिलिटर संपायला तीन महिने जातील आणि त्यातले बहुतांश दिवस तुम्ही मेलेलं सीरम लावत असाल. 10 मिलिलिटरसुद्धा एकट्या चेहऱ्याला संपत नाही. थोडं मानेला, थोडं हातांना, आणि आठ-दहा दिवसांनी उरलेलं सरळ टाकून देते. टाकून देताना जीव अडकू नये इतकंच करावं.

1 ग्रॅम पावडर, 7 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर, 1 ग्रॅम ग्लिसरीन. हे झालं साधारण 10 टक्क्यांचं. चमच्याने मोजू नका. पावडर बारीक की जाड यावर चमच्यातलं वजन खूप बदलतं. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या, या सगळ्या उद्योगात पैसे घालण्यासारखी वस्तू हीच. नळाचं पाणी नको, कारण त्यात तांब्या-लोखंडाचा अंश असतो आणि हे दोन्ही धातू व्हिटॅमिन सी खराब होण्याचा वेग भलताच वाढवतात. ढवळायला काचेची कांडी. बारीक, खाण्याच्या दर्जाची पावडर पाण्यात पटकन विरघळते. तरी भांडं उजेडासमोर धरून एकही कण राहिला नाही ना ते बघते, कारण तो कण चेहऱ्यावर घासला जातो आणि जिथे टेकतो तिथे आग होते.

मग पीएच. नुसत्या 10 टक्क्यांच्या द्रावणाचा पीएच 2.2 च्या आसपास येतो. त्वचेला तो फार झोंबतो. तो 3 ते 3.3 वर आणायचा. यासाठी खाण्याचा सोडा चालतो, पण इतक्या कमी सीरमला तो एका ग्रॅमचा काही शतांश भागच लागतो. चिमूट टाकायला गेलात तर गणित कोसळतं. म्हणून मी 1 ग्रॅम सोडा 19 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून त्याचं पाणी करते आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडते. प्रत्येक थेंबाला बारीक बुडबुडे उठतात, ते शांत होईपर्यंत थांबायचं, ढवळायचं, पुढचा थेंब. दहाएक थेंब झाले की पीएचची पट्टी लावायला सुरुवात. साधारण 15 थेंबांत सीरम 3 च्या थोडं वर येतं. तोवर एकूण वजनही 10 ग्रॅमला टेकलेलं असतं, म्हणून सुरुवातीला पाणी 7 ग्रॅमच घ्यायचं. 1 ते 14 दाखवणाऱ्या पट्ट्या इथे कामाच्या नाहीत, त्यांत 2 आणि 3.5 चा रंग जवळपास सारखाच दिसतो. 0 ते 6 किंवा त्याहून अरुंद पल्ल्याच्या घ्या. पट्टीशिवाय हे सीरम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उकळत्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेली गडद तपकिरी काचेची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, थेट फ्रिजमध्ये. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा. म्हणून पाच-पाच मिलिलिटरच्या दोन बाटल्या करते, दुसरी पहिली संपेपर्यंत उघडत नाही. एवढ्या आम्लात जिवाणू सहसा वाढत नाहीत, पण बुरशी आणि यीस्टला आम्लाचं फारसं वावडं नसतं. टिकवायचं द्रव्य न घालता जास्त दिवस ठेवायचं नाही, त्याचं हेही एक कारण.

सीरम अजून जिवंत आहे का, हे कळायला लोक रंग बघतात. रंग उपयोगी आहे, पण माझा जास्त विश्वास आयोडीनवर आहे. जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन घरात असतंच. वाटीत थोडं पाणी, त्यात सीरमचा एक थेंब, आणि मग आयोडीन एकेक थेंब सोडत जायचं. तपकिरी थेंब पाण्यात पडतो आणि डोळ्यांदेखत विरून जातो. व्हिटॅमिन सी शिल्लक आहे तोवर रंग टिकतच नाही. ज्या थेंबाला पाणी तपकिरी राहिलं तिथे ते संपलं. ताज्या 10 टक्क्यांच्या सीरमचा एक थेंब डझनभराहून जास्त आयोडीनचे थेंब गिळतो. दरवेळी तोच ड्रॉपर वापरला तर ताज्याची आणि जुन्याची चांगली तुलना होते. शाळेच्या प्रयोगशाळेतलं हे तंत्र बाथरूमच्या कट्ट्यावर इतकं छान चालतं की मला दरवेळी आनंद होतो. यातून मला दोन गोष्टी दिसल्या. फ्रिजमधलं, अगदी फिकट पिवळसर झालेलं सीरम जवळपास ताज्याइतकंच आयोडीन गिळतं, तेव्हा किंचित रंग आला म्हणून घाबरायचं कारण नाही. बाहेर कपाटात ठेवलेलं मात्र गडद होत जातं तसं झपाट्याने मागे पडतं. नारिंगी झालं की मी परीक्षाही घेत नाही, ओतून देते.

लावायची पद्धत साधी आहे. सकाळी चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा करून, थेंब तळहातावर घेऊन दाबत दाबत लावायचे. एक-दोन मिनिटं चुणचुणतं. चुणचुण मावळली तर ठीक. लाली आणि आग वाढत गेली तर लगेच धुवायचं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी 5 टक्क्यांपासून, दिवसाआड, आणि त्याही आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. दाढी, थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलेल्या दिवशी नको, फुटलेल्या मुरमावर नको, इसब असलेल्या त्वचेवर तर नकोच. मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर ते रात्री लावा, एकावर एक लावलं तर ते व्हिटॅमिन सीला लगेच ऑक्सिडाइज करून निकामी करतं. सीरम मुरल्यावर मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन. सनस्क्रीन लावायची तयारी नसेल तर सीरम करायचे कष्ट घेऊच नका.

आता फरक काय पडला ते सांगते. मुरमांनंतर गालांवर राहिलेले तपकिरी डाग स्पष्टपणे फिके झाले. हे लगेच झालं नाही, तीनेक महिन्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी काढलेले फोटो शेजारी ठेवले तेव्हा मला खात्री पटली. चेहऱ्याचा एकूण रंग एकसारखा झाला, सकाळी दिसणारा मळकटपणा गेला. वांगाचा गालाच्या हाडावरचा पट्टा मात्र तसाच आहे. कडा थोड्या पुसट झाल्या असतील, त्याहून जास्त म्हणणार नाही. वांगाला त्वचारोगतज्ज्ञाची औषधं लागतात, सीरमवर विसंबून वेळ घालवू नका. डोळ्यांजवळच्या बारीक सुरकुत्यांतही मला काही फरक दिसला नाही. कोलॅजन, म्हणजे त्वचेला आधार देणारं प्रथिन, घडवणाऱ्या एन्झाइमांना व्हिटॅमिन सी लागतं हे खरं, पण माझ्या आरशात त्याचा पुरावा अजून आलेला नाही. डागांच्या बाबतीतही श्रेयाचा मोठा वाटा सनस्क्रीनचा आहे. ऊन अडलं नसतं तर कुठलंच सीरम पुरं पडलं नसतं.

व्हिटॅमिन सीच्या सीरममध्ये जोडीला घालतात त्या फेरुलिक ॲसिडबद्दल विचारलं जातं. 2005 मध्ये पिनेल यांच्याच गटाने दाखवलं की 15 टक्के व्हिटॅमिन सी आणि 1 टक्का व्हिटॅमिन ई यांच्यात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं की द्रावण जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपट होतं. गोष्ट चांगलीच आहे. पण घरी ती जमवणं कटकटीचं. फेरुलिक ॲसिड पाण्यात जेमतेम विरघळतं, आधी अल्कोहोल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये घ्यावं लागतं, आणि फ्रिजमध्ये गेल्यावर पांढरे स्फटिक होऊन तळाशी बसतं. व्हिटॅमिन ई तेलकट, त्याला पाण्यात मिसळायला पॉलिसॉर्बेट हवं. आठ-दहा दिवसांत संपणाऱ्या सीरमला टिकाऊपणाची गरज कमी, म्हणून मी दोन्ही वगळते. उन्हापासूनचं जास्तीचं संरक्षणही त्याबरोबर जातं, ते मला मान्य आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची त्वचा फार नाजूक. 5 टक्क्यांच्या सीरमनेही तिचे गाल लाल होतात. तिच्यासाठी मी मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेटचं, म्हणजे व्हिटॅमिन सीपासूनच बनवलेल्या एका सौम्य द्रव्याचं, वेगळं सीरम करते. ते उदासीन पीएचच्या जवळ टिकतं आणि अजिबात झोंबत नाही. 2001 च्या त्याच कामात या द्रव्याने त्वचेतलं व्हिटॅमिन सी वाढलेलं दिसलं नव्हतं, हे मी तिला आधीच सांगितलंय. तिला डाग नाहीत, हलका, न झोंबणारा ओलावा हवाय, आणि तेवढा तिला मिळतो. मात्र या सीरममध्ये आम्लाचा पहारा नसतो, त्यामुळे त्यात टिकवायचं द्रव्य योग्य प्रमाणात घालावंच लागतं, आणि फ्रिज तिच्याही बाटलीला चुकत नाही.