संभाजीनगरच्या शहागंजातले चाचा, माझा मुका झालेला बेस आणि ३८० रुपये

आधीच सांगतो, दुकानाला पाटी नाही. होती म्हणे, एका वादळात उडाली आन् चाचांनी परत लावलीच नाही, त्यामुळं नाव विचारू नका, पत्ता खाली देतो. जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर, देवळातले न् मशिदीतले भोंगे असलं सगळं दुरुस्त करायचं दुकान आहे, गिटारचं नाही. तरी हा रिव्ह्यू बेस गिटारवाल्यांसाठी लिहायलोय, कारण आपल्याकडं ॲक्टिव्ह बेस, म्हणजे आत बॅटरी लागणारा, बिघडला तर कुठं जायचं ते कुणालाच सांगता येत नाही, जो तो पुण्या-मुंबईचं नाव घेतो.

मी परभणीचा. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, लग्न, गणपती, आणि एप्रिल लागला की भीमगीतांचे प्रोग्राम. जयंती १४ एप्रिललाच असली तरी आमच्याकडं प्रोग्राम पार मे संपेपर्यंत चालतात, म्हणजे तोच आमचा खरा सीझन. यंदा नेमका त्याच सीझनमध्ये बेसनं दगा दिला. दोन गाणी नीट वाजायची, तिसऱ्याला आवाज फाटायला लागायचा, फाटका स्पीकर असल्यागत भर्र भर्र, आणि मग दोन-तीन सेकंदांत हळूहळू बुडून गप्प. बेसमधून वायरची पिन काढून परत घातली की पुन्हा चालू. स्टेजवर माझं हे काढ-घाल चाललेलं आणि ढोलकीवाला माझ्याकडं बघून हसायलेला, काय अवस्था झाली असेल बघा.

बॅटरी बदलली. एकदा नाही, महिन्यात चारदा. आमचा गिटारवाला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जिभेला लावून "झणझण करतीय, चांगली आहे" असं सर्टिफिकेट द्यायचा. (ही टेस्ट करू नका. अर्धी मेलेली बॅटरीसुद्धा जिभेला झणझण करतेच.) मग एका मोठ्या शहरातल्या म्युझिक शॉपमध्ये पाठवला, नाव लिहीत नाही, सतरा दिवस ठेवून घेतला आणि फोनवर सांगितलं की प्रीॲम्प (बेसच्या आतला, बॅटरीवर चालणारा आवाजाचा बोर्ड) गेलाय, बाहेरून मागवावा लागेल, नऊ हजार. मी विचारलं मीटर लावून बघितलं का, तर म्हणे सर आम्ही रोज हेच काम करतो. बरं. बेस परत मागवला, कुरिअरचे पैसे मलाच.

चाचांचा पत्ता एका साउंडवाल्यानं दिला. सकाळच्या गाडीनं संभाजीनगरला गेलो, स्टेशनवरून रिक्षा, पाठीवर बेस. दुकान म्हणजे आठ बाय सहाचा खोका, आत ट्रान्सफॉर्मरचा ढीग, वर पंखा लटकलेला, मधे चाचा. मी बॅग उघडायच्या आधीच सगळी कहाणी सुरू केली, प्रीॲम्प गेलाय, नऊ हजार सांगितले, वगैरे. त्यांनी हातानं थांबवलं आणि एकच विचारलं, "पैले ये बोलो, आवाज मरते-मरते गया के पटकन गया?"

मला कळंना. म्हणलं, मरत मरत गेला, फाटत फाटत. चाचा म्हणाले, "हौ, तो पॉवर है. पटकन जाता तो वायर रहती."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. नंतर त्यांनी समजावून सांगितलं ते असं, की सिग्नलची वायर तुटली तर आवाज टक्कन् जातो, खरखर होते, मधेच येतो मधेच जातो. पण वीज तुटली तर प्रीॲम्पच्या बोर्डवर जो कपॅसिटर असतो त्यात थोडा साठा असतो, त्याच्यावर बिचारा एक-दोन सेकंद तग धरतो आणि व्होल्टेज उतरत जाईल तसा आवाज फाटत जातो. मी चार वर्षं हा बेस वाजवतोय, हा फरक कानांनी रोज ऐकला, पण कधी डोक्यात शिरला नाही.

मग त्यांनी माझी बेस ते ॲम्प जोडायची वायर मागितली. बेसला हात न लावता आधी वायर! दोन्हीकडच्या पिना मीटरला लावल्या, पिनेचं टोक ते टोक, पिनेचं लांब अंग ते अंग, मधे हलवून बघितली, वायर ठीक. नंतर बेसवर एक बारकी दांडी आहे, ॲक्टिव्ह-पॅसिव्हची, म्हणजे बॅटरीवर वाजवायचं का बिनबॅटरीचं ते ठरवणारी, मी तिला आजवर हात लावलेला नाही, दुकानदारानं घेताना "हे वरच राहू द्या" म्हणलं होतं तेवढंच. चाचांनी ती खाली पाडली, वायर त्यांच्या जुनाट ॲम्पला लावली, तार छेडली. बेस बोलला! थोडा बसका, थोडा कमी, पण स्वच्छ, बॅटरीची मदत न घेता. म्हणजे तारांचा आवाज पकडणारा पिकअप जिवंत, व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) जिवंत, जॅकपर्यंतचा, म्हणजे पिन घालायच्या भोकापर्यंतचा, सिग्नलचा रस्ता जिवंत. राहिलं काय तर बॅटरीपासून प्रीॲम्पपर्यंतचा मामला. दांडी वर केली, गप्प. इथंच निम्मं निदान झालं, एकही स्क्रू न काढता, आणि सतरा दिवस बेस ठेवून घेणाऱ्यांना हे सुचलं नाही यानं मला जास्त राग आला. (ज्यांच्या बेसला ही दांडी नसते, फक्त ॲक्टिव्हच असतो, त्यांना ही सोय नाही. लिओ फेंडरच्या हाताखाली तयार झालेला म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ साली आला, तो तसाच होता, बॅटरी मेली की बेस मेला.)

आता मागचं झाकण उघडलं. मी सोबत चार बॅटऱ्या नेल्या होत्या, परभणीच्या स्टेशनरोडवरून घेतलेल्या. चाचांचं मीटर काट्याचं आहे, डिजिटल नाही. प्रत्येक बॅटरी नुसती मोजली तर सगळ्या साडेआठच्या वर. मग त्यांनी एक छोटा रेझिस्टर बॅटरीच्या दोन्ही तोंडांना टेकवून मोजलं, तर चारपैकी दोघींचा काटा सहाकडं घसरला. स्वस्तातल्या झिंक-कार्बनच्या, दुकानात उन्हात किती दिवस पडलेल्या देव जाणे. म्हणाले अल्कलाइन घे, वीस-तीस रुपये जास्त जातील. चार्जिंगवाली घेऊ का विचारलं तर मान हलवली, त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांवर नऊ लिहिलेलं असतं पण आत ८.४ नाहीतर ७.२ व्होल्टच्या निघतात.

पण खरी भानगड बॅटरीत नव्हतीच. चांगली बॅटरी लावली, काळी सुई जॅकच्या अंगाला, लाल सुई प्रीॲम्पच्या लाल वायरवर, काटा नऊवर. मग पिन जॅकमध्येच अंगठ्यानं थोडी बाजूला दाबली. काटा एकदम पडला नाही, हळूहळू खाली बसत गेला, जणू दम सुटायलाय. अगदी स्टेजवर आवाज जायचा तसाच. चाचांनी माझ्याकडं बघितलं, मी चाचांकडं. बोलायची गरजच नव्हती.

झालं काय होतं ते सांगतो, कारण हे प्रत्येक ॲक्टिव्ह बेसवाल्यानं एकदा समजून घेतलं पाहिजे. आपल्या बेसला चालू-बंद करायचं बटण नसतं, ते काम जॅक करतो. बेसमधला जॅक मोनो दिसतो पण असतो स्टिरिओ, आत तीन जागा असतात, टोकाचा पत्रा, मधला पत्रा आणि अंग. बॅटरीची काळी वायर त्या मधल्या पत्र्याला. आपण साधी मोनो पिन घातली की तिचं लांब अंग मधल्या पत्र्याला आणि जॅकच्या अंगाला दोघांनाही टेकतं, दोघं जोडले जातात, बॅटरीचा रस्ता पूर्ण होतो, बेस चालू. पिन काढली की बंद. म्हणून तर वायर बेसमध्ये तशीच ठेवून झोपलं की बॅटरी रात्रभर खर्च होते. माझ्या जॅकचा नट सैल झालेला, मी प्रत्येक वेळी पिन घालताना अख्खा जॅक आतल्या आत फिरायचा, वायरींना पीळ बसत गेला आणि मधल्या पत्र्याची वायर शेवटी दोन केसांवर लटकत होती. वर पत्राही ढिला पडलेला. घामानं हिरवटपणा आलेला तो वेगळाच, परभणीच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीत मांडवात वाजवलं की घाम काय नुसता कपाळावर येत नाही.

आणि आणखी एक कोडं सुटलं. सेलूच्या प्रोग्रामला माझी वायर सोडून साउंडवाल्याची वायर लावली होती तर बेस पूर्ण मेलेला, एक सेकंदही आवाज नाही, तेव्हापासून आम्ही प्रीॲम्पच गेला असं धरून बसलो होतो. चाचांनी विचारलं, "पिन पे काली रिंग एक थी के दो?" मला आठवलं, दोन. म्हणजे स्टिरिओ पिन. तिच्यात मधली रिंग अंगापासून वेगळी असते, त्यामुळं मधला पत्रा अंगाला जोडलाच जात नाही आणि बॅटरी चालूच होत नाही. वायर नवी कोरी, बेस ठणठणीत, तरी मुका. एक काळी रिंग म्हणजे मोनो, बेसला तीच लावायची, एवढं बघायला अर्धा सेकंद लागतो.

नवा जॅक बसवला, उघड्या पत्र्याचा, जाड स्प्रिंगचा. वायरी नव्यानं सोल्डर केल्या, नटाखाली दातेरी वॉशर घातला म्हणजे परत फिरू नये. बॅटरीची टोपी पण ढिली होती, तिचे पितळी ओठ पक्कडीनं जरा आवळले, त्याचे पैसे धरले नाहीत. शेवटी बॅटरीच्या रस्त्यात मीटर घालून करंट किती जातो ते बघितलं, वायर लावल्यावर एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर, वायर काढली की शून्य. अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची धरली तर हिशोब करा, चारशे-पाचशे तास चालायला पाहिजे, आणि मी महिन्यात चार बदलत होतो.

बिल ३८०. जॅक १८०, मजुरी २००. नऊ हजारांचं ऐकून आलेला माणूस, मी ५०० दिले तर १२० परत केले.

आता तक्रारी. जॅक चांदीच्या रंगाचा बसवलाय, माझं बाकी सगळं हार्डवेअर सोनेरी, लांबून दिसतं. विचारायला पाहिजे होतं. मागच्या झाकणाचा एक स्क्रू त्यांच्या ढिगात हरवला, पाचाच्या जागी चारच आहेत. पावती देत नाहीत, गॅरंटी विचारली तर "हम इधरीच है" म्हणाले. मधे नमाज, मधे चहा, मधे एका मंगल कार्यालयवाल्याचा ॲम्प, एक तासाचं काम पावणेतीन तास चाललं आणि मला बसायला ट्रान्सफॉर्मर दिला होता.

मोठी तक्रार मात्र गुणगुणीची. बेसमधून बारीक हम्म येतो, तो तसाच राहिला. तारांना हात लावला की कमी होतो, त्यावर चाचा म्हणाले अर्थिंगची वायर ठीक आहे, आतून तांब्याची पट्टी मारून शिल्डिंग, म्हणजे बाहेरची गुणगुण अडवायचं काम, करावं लागेल, पण "वो हमारा काम नै". नाही तर नाही, निदान उगीच हात घालून पैसे तरी लावले नाहीत. पण ज्यांना तेच काम करायचंय त्यांनी इथं जाऊ नका. उलट तारांना हात लावल्यावर हम वाढत असेल, किंवा माइकला ओठ टेकल्यावर चटका बसत असेल, तर तो बेसचा आजार नाही, मांडवातल्या जनरेटरचं नाहीतर ॲम्पचं अर्थिंग बघायला लावा आणि तोवर वाजवूच नका. हे चाचांनी दोनदा बजावलं, आवाज चढवून.

त्याला आता दोन महिने झाले. अकरा प्रोग्राम झाले, गंगाखेड, जिंतूर, मानवत, एक तर पार उदगीरला. बॅटरी तीच आहे. परवा मधेच आवाज गेला तेव्हा काळजात धस्स झालं, पण तो टक्कन् गेला होता, म्हणून सरळ वायर बदलली आणि गाणं न थांबता पुढं गेलो. ढोलकीवाला यावेळी हसला नाही.

मार्क पाचपैकी चार. एक मार्क त्या चांदीच्या जॅकचा कापला.

पत्ता: शहागंजचं घंटाघर मागं टाकून सिटी चौकाकडं निघालात की डाव्या हाताच्या गल्लीत भोंग्यांचा ढीग बाहेर ठेवलेला दिसेल, तेच. गाडी आत नेऊ नका, अडकाल. अकराच्या आधी उघडत नाही, शुक्रवारी दुपारी बंद, फोन उचलत नाहीत. चौकोनी बॅटरी दुकानात मिळत नाही, सोबत न्या. आणि बेसबरोबर रोजची वायरही न्या, कारण पहिल्यांदा तीच मागतात, माझ्यासमोर नांदेडहून आलेल्या एका पोराला वायर आणली नाही म्हणून बाहेरून विकत आणायला पाठवलं होतं.