मॉडेल रेल्वे टीव्हीवर न्यायची तर सह्याद्री की लोकल केबल?

पुण्याला मॉडेल रेल्वेचं वावडं नाही. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि आपल्यातल्या कित्येकांना या छंदाची लागण तिथेच झाली. पण पाहून घरी परतणारे हजारो, आणि घरी येऊन रूळ अंथरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मधली ही दरी टीव्हीने बुजेल असं मला मनापासून वाटतं. सध्या आपल्यातल्या दोघातिघांकडे चांगले लेआउट, म्हणजे रूळ, डोंगर, बोगद्यांसकट मांडलेली छोटी रेल्वे, तयार आहेत आणि ते कुठे दाखवायचे हा प्रश्न आहे. माझा लेआउट दोन्हीकडे दाखवून झालाय, म्हणून हे लिहितोय. कोणाला वेगळा अनुभव आला असेल, तर तोही खराच असणार.

स्वतःचं इंटरनेट चॅनेल हा तिसरा पर्याय मी तुलनेत धरत नाही. ते काढाच, त्यात हरकत काहीच नाही. फक्त तिथे येणारा प्रेक्षक ‘मॉडेल ट्रेन’ असं टाइप करून आलेला असतो, म्हणजे तो आधीच आपला असतो. आपल्याला हवेत ते साताऱ्याचे, बार्शीचे, जेवता जेवता टीव्ही बघणारे लोक. असं काही करता येतं हेच ज्यांच्या गावी नाही, ते.

केबलचं आधी सांगतो, कारण तिथे काम पटकन होतं. गल्लीतला लोकल चॅनेलवाला ओळखीचा निघतोच. नसला तर तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या ओळखीचा असतो. तुम्ही सांगा, तो कॅमेरा घेऊन घरी हजर. मॉड्यूल, म्हणजे लेआउटचे जोडता येणारे तुकडे, सुटे करा, टेम्पोत घाला, उतरवून सांधे पुन्हा जुळवा ही उस्तवार वाचते, आणि ज्याने एकदा सांधे जुळवलेत त्याला हे सुख किती मोठं ते ठाऊक आहे. गणपतीत तर केबलसारखं दुसरं काही नाही. घरगुती देखाव्यांचं चित्रीकरण चालूच असतं. मखराभोवती घाट, बोगदा आणि फिरती गाडी केली असेल, तर आख्खा परिसर ती बघतो आणि दुसऱ्या दिवशी शेजारची मुलं दारात उभी असतात. नुसत्या आपल्या पेठेपुरता किंवा उपनगरापुरता प्रसार करायचा असेल, तर केबलला नावं ठेवायला जागा नाही.

माझी गाडी अडली ती खालच्या पट्टीवर.

जरा सविस्तर सांगतो, कारण माझा निर्णय इथेच झाला. १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या ‘एचओ’ प्रमाणात, माणूस दोन सेंटिमीटरचा. गाडी खरी वाटावी म्हणून कॅमेरा त्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जवळजवळ रुळाला टेकवून ठेवावा लागतो. तसा ठेवला की चौकटीच्या खालच्या भागात रूळ, खडी, चाकं, मधोमध डबे, वर डोंगर आणि आकाश. आमचं चित्रीकरण अगदी तसंच झालं होतं. बोगद्यातून डब्यांची रांग घाट चढत बाहेर येते, मागून डब्ल्यूसीजी-२ बँकर, म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारी विजेची इंजिनं, रेटा देतायत, संपूर्ण लेआउटमधला सर्वांत जमलेला शॉट. आणि प्रक्षेपणात खालून पट्टी सरकायला लागली. दहावीचे क्लासेस, एनए प्लॉट, साड्यांचा सेल. एका पट्टीवर दुसरी पट्टी. रूळ गेले, चाकं गेली, डब्यांच्या टोकांना धक्के झेलणारे बफर गेले. राहिली ती पट्टीवर तरंगणारी डब्यांची छपरं. बँकर मागून ढकलतायत हे कळायचं कसं, तर इंजिनाचा बफर डब्याला टेकलेला दिसल्यावर. नेमकं तेच प्लॉटच्या जाहिरातीमागे.

चॅनेलवाल्याला मी दोष देणार नाही. त्याचं पोट त्या पट्टीवर आहे. पुढच्या भागासाठी त्याने चौकट थोडी खाली घेऊन गाडी वर सरकवून बघितली, पण मग डोंगराच्या डोक्यावर पार्श्वभूमीच्या पुठ्ठ्याची कडा आणि त्यामागे आमचं कपाट दिसायला लागलं. कॅमेरा उंचावला तर गाडी खेळणं दिसते. आणि एकदा ‘खेळणं’ हा शिक्का बसला की चाळिशीतला माणूस मुलाला टीव्हीसमोर बसवून स्वतः उठून जातो. ज्याने लेआउट बांधावा असं आपल्याला वाटतं, तोच हा माणूस.

सह्याद्रीवर कार्यक्रमाची चौकट मोकळी असते. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह. माझ्या पाहण्यात तरी एरवी काही नाही. आमचा छोटा भाग लागला तेव्हा पहिल्यांदा आमची चाकं टीव्हीवर फिरताना दिसली. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मी एलव्हीची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची (हा शेवटचा डबा असं सांगणारी), पाटी लावलेली आहे, नखाच्या कोपऱ्याएवढी, बफरच्या जवळ. तीही दिसली. काही दिवसांनी साताऱ्याकडचे एक निवृत्त गार्डकाका पत्ता शोधत घरी आले. एलव्ही लावणारा माणूस कोण ते बघायला आलो, म्हणाले. आता त्यांच्या नातवंडांनी घरी नॅरोगेजचा छोटा लेआउट धरलाय. ती पाटी लोकल चॅनेलवर कोणालाच दिसली नसती.

पोहोच हाही मुद्दा आहे, पण तो तुम्हाला माहीत आहे. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, आणि १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे सरकारने ठरवून दिलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या केबलवाल्यालाही दाखवाव्याच लागतात. म्हणजे सह्याद्रीवर गेलात तर केबलचा प्रेक्षकही सुटत नाही.

याहून मोठी गोष्ट मला परंपरेची वाटते. मुंबई दूरदर्शनवर आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ लागायचा तेव्हा तो बघणाऱ्यांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळं काढली होती. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक एकमेकांना भेटायला लागले. आपल्याला याहून वेगळं काय हवंय? बाहेरही हेच दिसतं. जर्मनीत ‘आयझेनबान-रोमांटिक’ १९९१ साली सुरू झाला तो सार्वजनिक वाहिनीवर, आणि खरी रेल्वे व मॉडेल यांना त्यात एकाच पंगतीला बसवलं. अमेरिकेतला ‘ट्रॅक्स अहेड’ मिलवॉकीच्या सार्वजनिक टीव्हीने केला. हे दोन्ही कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले.

सह्याद्रीचा रस्ता सोपा नाही हे मात्र मान्य करायला हवं. घरी फोन करून कॅमेरा बोलावणं तिथे नसतं. लेखी प्रस्ताव हवा, भागाचा आराखडा हवा, आणि धीर हवा. ज्याला या गणपतीतच दिसायचंय त्याने त्या वाटेला जाऊ नये. स्वतंत्र मालिकेचा हट्टही सुरुवातीला नको. तेरा भाग भरतील एवढे लेआउट आज आपल्याकडे नाहीत. आधीच चालू असलेल्या एखाद्या कार्यक्रमात सात-आठ मिनिटं मिळाली तर मला ती अर्ध्या तासापेक्षा मोलाची वाटतात, कारण त्या कार्यक्रमाचा प्रेक्षक आयता असतो आणि तो रेल्वेसाठी आलेला नसतो.

निर्माता एक प्रश्न हमखास विचारतो: बघणाऱ्याला यातून काय मिळेल? त्याचं उत्तर तयार ठेवा, आणि ते ‘माझ्याकडे किती इंजिनं आहेत’ हे नसावं. मी भोर घाट घेतला होता. १८६३ मध्ये खुला झालेला हा मार्ग, १:३७ चा चढ, म्हणून कर्जतला मागून इंजिनं जोडतात. पुण्या-मुंबईचा प्रवासी हा थांबा जन्मभर बघतो, पण कारण विचारत नाही. मॉडेलवर ते दोन वाक्यांत समजतं. एका गाडीवरून दुसरी न्यायची तर रूळ साधारण आठ सेंटिमीटर उचलावा लागतो, आणि १:३७ ने आठ सेंटिमीटर चढायला जवळपास तीन मीटर लागतात. मी टेबलावर टेप धरून ते अंतर दाखवलं, मग एकट्या इंजिनाला लांब गाडी ओढायला लावली. चाकं जागच्या जागी फिरली. मागे बँकर जोडल्यावर गाडी वर गेली. या चाकांसाठीच मी पट्टीबद्दल एवढा आग्रही आहे.

तयारीच्या चार गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागतात, भरभर सांगतो. वेग कमी ठेवा: ताशी साठ किलोमीटर म्हणजे एचओत सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर, याहून जास्त पळवली की डोळ्याला लगेच खोटं दिसतं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा दिव्यांमुळे चित्रात पट्ट्या उमटू नयेत म्हणून शटर १/५० ठेवायला कॅमेरामनला आठवण करा. पावसाळ्यात चित्रीकरण असेल तर रूळ आदल्या रात्री नव्हे, त्याच सकाळी अल्कोहोलने पुसा. स्टुडिओत जायचं ठरलंच तर दोनच मॉड्यूल न्या, जास्त नको.

तर ज्यांचा लेआउट मुख्यतः देखाव्यासाठी आहे, ज्यांना आपल्या भागातली मुलं गोळा करायची आहेत, त्यांनी खुशाल केबलवर जावं. बाकीच्यांनी, जमत असेल तर, सह्याद्रीची वाट धरावी असं मी सुचवेन. मुहूर्त हवा असेल तर १ जून आहे. डेक्कन क्वीन १९३० साली याच दिवशी सुरू झाली आणि पुणे स्टेशनवर दरवर्षी तिचा वाढदिवस होतो, त्यामुळे त्या आठवड्यात रेल्वेचा विषय कोणत्याही निर्मात्याला चालतो. प्रस्ताव दिवाळी झाली की लिहायला घ्या, आणि सोबत लेआउटचा एक मिनिटाचा व्हिडिओ जोडा: कॅमेरा रुळाच्या उंचीवर, वेग कमी, मागे गाणं नाही.