सहा दिवस जंगलाला, अडीच तास स्टोन टाउनला

पुण्यातील एका सहलसंस्थेबरोबर गेल्या फेब्रुवारीत आम्ही पती-पत्नी टांझानियाला जाऊन आलो. जाहिरातीत ‘सफारी’ आणि ‘ऐतिहासिक झांझिबार’ ही दोन्ही आकर्षणे सारख्याच ठळक अक्षरांत छापलेली होती, आणि आम्ही माणशी सव्वाचार लाख रुपये भरले ते या दोन्हींसाठी. संस्थेने त्यांतली एक बाजू उत्तम सांभाळली आणि दुसरी अक्षरशः उरकली. ही सहल निवडू पाहणाऱ्यांना दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

निघण्यापूर्वीची तयारी नेटकी होती. कपड्यांच्या यादीत निळा व काळा रंग टाळण्याची सूचना होती. त्से-त्से या रक्त शोषणाऱ्या माश्या याच रंगांकडे ओढल्या जातात. तारांगीरे अभयारण्याच्या वाटेवर झाडांना टांगलेले निळ्या-काळ्या कापडाचे सापळे पाहिले, तेव्हा त्या सूचनेची किंमत कळली. टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, हेही आगाऊ सांगितल्यामुळे सगळ्यांनी फराळ कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरून आणला होता. मात्र सफारीचे ठाणे असलेल्या आरुशा शहराहून झांझिबार बेटावर नेणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलोच सामान, तेही मऊ बॅगेत चालते, ही महत्त्वाची गोष्ट आम्हाला आदल्या रात्री समजली. टणक सुटकेस घेऊन आलेल्या चौघांची त्या रात्रीची धावपळ सहज टाळता आली असती.

सफारीचा भाग मात्र मनापासून वाखाणण्याजोगा होता. एका लँड क्रूझरमध्ये सहाच प्रवासी आणि प्रत्येकाला खिडकी, हा शब्द संस्थेने शेवटपर्यंत पाळला. ताडोब्यात फाटकाची वेळ आणि जिप्सीची घाई यांची सवय झालेल्या माणसाला येथे दिवसभर जंगलात राहता येते याचेच पहिल्यांदा अप्रूप वाटते. त्याहून मोठे भाग्य म्हणजे आमचा चालक, जो वाटाड्याचेही काम करीत होता. सेरेनगेटीच्या मध्यभागी, सेरोनेराच्या परिसरात एका झाडावर बिबट्या असल्याची खबर वायरलेसवर आली; आम्ही पोहोचलो तेव्हा वीसएक गाड्या त्या झाडाभोवती उभ्या होत्या. त्याने दोन मिनिटे थांबून गाडी वळवली. गाडीत थोडी कुरकुर झाली खरी, पण पुढे अर्ध्या तासाने एका खडकाळ टेकाडावर पहुडलेली सिंहीण आणि तिचे तीन बछडे आम्हाला एकट्याने पाहायला मिळाले.

या सहलीतला सर्वांत मोलाचा तास न्दुतूच्या माळावर गेला. जानेवारी ते मार्च या काळात विल्डबीस्ट या गवताळ प्रदेशातील मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप सेरेनगेटीच्या दक्षिणेकडील या आखूड गवताच्या प्रदेशात वितात, आणि बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, म्हणजे शिकारी प्राण्यांनी कितीही खाल्ली तरी पुष्कळ उरतात. सेरेनगेटीच्या मध्यभागी रस्ता सोडता येत नाही. न्दुतूला मात्र तशी मुभा आहे, आणि नेमक्या अशाच ठिकाणी चालकाची सभ्यता कळते. कळपातून बाजूला झालेली एक मादी त्याने हेरली, गाडी बऱ्याच अंतरावर उभी केली, इंजिन बंद केले आणि ओठांवर बोट ठेवले. पिल्लू जमिनीवर पडले, ओलेचिंब, पिवळसर तपकिरी. त्याने उठण्याचा प्रयत्न केला आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळले. पुन्हा उठले, पुन्हा पडले. सहाव्या-सातव्या मिनिटाला ते चारही पायांवर उभे होते आणि थोड्याच वेळात आईच्या पोटाशी धावू लागले. दूरवर एक तरस बसून हे सारे पाहत होता. चालकाने घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही.

गोरोंगोरोचे विवर सुमारे सहाशे मीटर खोल आणि वीसएक किलोमीटर रुंद आहे. सकाळी कड्यावरून धुके सरकू लागले, तेव्हा तळ हळूहळू उलगडत गेला. ते दृश्य छायाचित्रात मावत नाही. काळा गेंडा दिसला, पण दुर्बिणीत तिळाएवढा. दुपारच्या जेवणासाठी न्गोइटोकिटोक तळ्याकाठी थांबलो असता ‘गाडीतच बसून खा’ ही सूचना न मानता माझी पत्नी थेपला घेऊन बाहेर उतरली आणि घारीने तो तिच्या हातातून अलगद उचलून नेला. नखाचा ओरखडाही उठला नाही. डब्यातले शाकाहारी जेवण मात्र सहाही दिवस थंड सँडविच आणि केळे एवढेच होते. थेपले नसते तर आमचे हाल झाले असते.

आता झांझिबार. स्टोन टाउन, म्हणजे झांझिबार शहराचा जुना भाग, 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ओमानी सुलतान, गुजराती व्यापारी, गोव्याहून गेलेली ख्रिस्ती कुटुंबे आणि आफ्रिकी किनारपट्टीवरची स्वाहिली माणसे यांनी मिळून घडवलेल्या या शहरात रमतगमत हिंडले तरच काही कळते. दुकानाला येथे ‘दुका’, मोटारीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. दारे पाहावीत तर तास पुरत नाहीत: चौकोनी माथ्याची अरबी, कमानीची भारतीय वळणाची, आणि त्यांवर पितळेचे टोकदार खिळे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचे खिळे हत्तीची धडक अडवण्यासाठी होते. या बेटावर हत्ती नव्हतेच, तरी श्रीमंतीची खूण म्हणून ते दारांवर बसले. हे सारे पाहायला आम्हाला मिळाले अडीच तास. त्यांतून पाऊण तास टांझानाइट हे निळे रत्न विकणाऱ्या दुकानात गेला, जे आमच्या कार्यक्रमपत्रिकेत कोठेही नव्हते.

गुलामांच्या बाजाराच्या जागेवर उभ्या असलेल्या अँग्लिकन कथीड्रलला त्यामुळे वीस मिनिटे आली. हा बाजार 1873 मध्ये बंद झाला आणि फटक्यांचा खांब जेथे होता तेथेच वेदी बांधण्यात आली. आवारातील खड्ड्यात गळ्यात साखळ्या असलेल्या पाच मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर आमचा गट छायाचित्र काढून पुढे सरकला. आत एक साधा लाकडी क्रूस आहे. आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याचे हृदय आजच्या झांबियात ज्या झाडाखाली पुरले गेले, त्याच झाडाच्या लाकडाचा तो घडवला आहे. लिव्हिंगस्टन 1873 मध्येच वारला; त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी मृतदेह वाळवून, गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. त्या झाडावर मृत्यूची नोंद कोरणारा जेकब वेनराइट गुलामगिरीतून सुटलेला होता आणि त्याचे शिक्षण आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशनमध्ये झाले होते. मराठी पर्यटकांच्या गटाला त्या क्रूससमोर उभे करून हे सांगण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नसेल. स्थानिक वाटाड्याला सांगायचे नव्हते असेही नाही. तो बोलायला लागला आणि आमच्या सहलव्यवस्थापकाने घड्याळ दाखवले.

सुलतान बर्गशने 1883 मध्ये बांधलेल्या ‘हाउस ऑफ वंडर्स’ या राजवाड्याचा काही भाग 2020 च्या डिसेंबरात कोसळला. ती इमारत बंद होती, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म या शहरातला आणि शाळा पाचगणीची, हे आम्हाला एका चहाच्या टपरीवरच्या पोराकडून कळले, आणि फोरोधानी बागेतला संध्याकाळचा खाद्यबाजार तर पाहताच आला नाही, कारण तोवर आम्हाला उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरील हॉटेलात पोहोचवण्यात आले होते. तेथे दोन रात्री आणि एक अख्खा दिवस मोकळा होता. त्यांतली एक रात्र स्टोन टाउनमध्ये काढली असती, तर खर्चात फारसा फरक पडला नसता.

सफारीसाठी या संस्थेची शिफारस मी बिनदिक्कत करीन. झांझिबार वगळून आरुशाहून परतण्याचा पर्याय ते देतात, तो घ्यावा, आणि बेटावर स्वतः तीन रात्री काढाव्यात. त्या वेळी झांझिबारचा सक्तीचा प्रवासविमा आधीच ऑनलाइन भरून ठेवावा. परत आल्यावर मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिले आणि पुढील गटांसाठी दुकानाची फेरी वगळून तो वेळ कथीड्रलला देता येईल का, असे विचारले. तीन दिवसांनी उत्तर आले. ज्यांना खरेदी करायची नसेल त्यांना त्या वेळेत वातानुकूलित बसमध्ये बसून राहण्याची सोय आहे, असे त्यात नम्रपणे कळवले होते.