हीथ्रोच्या धावपट्टीखालचं माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं गाव: स्कॉटलंडच्या लायब्ररीच्या नकाशा सर्व्हिसचा रिव्ह्यू

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची जुन्या नकाशांची वेबसाइट बरेच दिवस वापरतोय आणि मनापासून सांगतो, एवढं भारी काम फुकटात कोण देत नाही. लॉगिन नको, पैसे नकोत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा सर्व्हे नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर बरोबर बसवून ठेवलाय, सरकपट्टी ओढली की जुना नकाशा पुसट होत जातो आणि खालचं आजचं चित्र वर येतं. नाहीतर दोन्ही शेजारी शेजारी लावून बघा, ती पण सोय आहे.

मी त्यावर सगळ्यात जास्त बघितलं ते हीथ्रो. लोकांना हीथ्रो म्हणजे विमानतळ एवढंच माहीत, पण ते आधी मिडलसेक्समधल्या हार्मंड्सवर्थ गावाची एक वाडी होती, रस्त्याच्या कडंनं विखुरलेली घरं आणि भोवती सगळं माळवं आणि फळबागा. जमीन तर अशी की खाली खडी-वाळू आणि वर कसदार गाळाची माती, पाणी धरून पण ठेवती आणि निचरा पण होतो. लंडन जवळ, त्यामुळं पिढ्यान् पिढ्या भाजीपाला पिकवणारी घराणी तिथं तयार झाली. शेजारच्या कोलब्रुकमध्येच साधारण १८२५ च्या सुमाराला रिचर्ड कॉक्स नावाच्या निवृत्त दारू-भट्टीवाल्यानं सफरचंदाचं ते प्रसिद्ध कॉक्सेस ऑरेंज पिपिन वाण काढलं, म्हणजे त्या भागाला फळबागांचा नाद जुनाच.

पंचवीस इंची नकाशा (जमिनीवरचा एक मैल म्हणजे कागदावर पंचवीस इंच) लावा, खरी मजा त्यात आहे. बागेत झाडांची बारकी बारकी चिन्हं ओळीनं काढलेली आहेत. प्रत्येक तुकड्याला नंबर आणि त्याखाली क्षेत्र, एकरात, दशांशाच्या पुढं तीन आकडे. डब्ल्यू लिहिलंय तिथं विहीर, पी तिथं हातपंप, एफ पी म्हणजे पायवाट. आपल्याकडं ऑनलाइन नकाशात गट नंबर आणि हद्द दिसती, पण आजोबांच्या काळात विहीर कुठं होती, बांधावरनं वाट कुठनं जात होती हे कुठं बघायचं? एखादं गाव असं विहिरीसकट कागदावर राहिलं तर ते पूर्ण पुसता येत नाही, मला तरी असंच वाटतं.

आमच्या मामांचं माळवं आहे पंचगंगेच्या काठाला, वांगी, दोडका, मेथी, कोथिंबीर, पहाटे टेम्पो भरून मार्केट यार्डात सौद्याला जातात. त्यांना लॅपटॉपवर दाखवलं तर पहिला प्रश्न, ‘खत कुठनं आणायचे रे हे?’ सांगितलं, रात्री घोडागाड्या भरून लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजाराला जायचे, साधारण १४ मैल, म्हणजे २२ किलोमीटर, आणि येताना लंडनच्या तबेल्यांतली लीद भरून आणायचे. मामा म्हणाले, ‘मग येताना गाडी रिकामी नाही, भाडं खतात निघालं की!’ मग बराच वेळ विहिरी शोधत बसले. सरकपट्टी ओढून धावपट्टी दाखवली तेव्हा मात्र काहीच बोलले नाहीत.

१९४४ मध्ये सरकारनं हवाई दलाला लांब पल्ल्याच्या विमानांसाठी तळ पाहिजे म्हणून युद्धकाळातले आणीबाणीचे अधिकार वापरून ही जमीन घेतली, त्यामुळं जाहीर चौकशी नाही, सुनावणी नाही. घरं पाडली, बागा गेल्या. १ जानेवारी १९४६ ला तिथनंच नागरी विमान ब्युनॉस आयर्सला उडालं. त्यावेळचे हवाई खात्याचे उपमंत्री हॅरॉल्ड बाल्फोर यांनी १९७३ मध्ये आत्मचरित्रात स्वतः कबूल केलं की डोक्यात पहिल्यापासून नागरी विमानतळच होतं, युद्धाची गरज हे पुढं केलेलं कारण. हे वाचून मला राग आला आणि अजून येतो. विमानतळ नको असं माझं म्हणणं नाही, आपलं कोल्हापूरचं उजळाईवाडीचं विमानतळ तर राजाराम महाराजांच्या काळातलं, १९३९ चं, ते आपल्याला पाहिजेच आहे. पण ज्याची पिकती जमीन घेताय त्याला खरं कारण सांगा आणि त्याचं ऐकून घ्या, एवढं तरी पाहिजे.

सर्व्हिसमध्ये उणं काय म्हणाल तर नकाशात जमीन दिसती, माणूस दिसत नाही. कुठल्या घराण्यानं कुठली बाग केली हे कळायला त्या भागाचा स्थानिक इतिहास वेगळा वाचावा लागतो. सगळं इंग्रजीत आहे, आणि लहान स्क्रीनवर ती अक्षरं वाचता येत नाहीत, त्यामुळं मोबाईलवर बघूच नका. बाकी ५ पैकी ५ देतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या, भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकानं एकदा बसून बघावं, आणि असं काम करवीर तालुक्याच्या जुन्या गाव-नकाशांचं व्हावं ही माझी फार इच्छा आहे, मोजणीचे जुने कागद जीर्ण होऊन जायच्या आत.

बघायचं असेल तर बाथ रोडवरच्या थ्री मॅगपाईज पबपासनं सुरू करा, तो अजून उभा आहे. तिथनं जुना हीथ्रो रोड दक्षिणेला जाऊन पश्चिमेला वळतो, तो धरून पेरी ओक्सपर्यंत जा, आज तिथं टर्मिनल ५ आहे. मग थोडं उत्तरेला हार्मंड्सवर्थ बघा, १४२६-२७ सालचं धान्याचं प्रचंड लाकडी कोठार तिथं अजून आहे. हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीचा विषय निघाला की याच गावाचं नाव पुढं येतं.