नौपाड्यातलं डीटीपीचं दुकान आणि मझारींवरची पुस्तिका

वाचनगटासाठी अब्दुल अली मझारींवर 48 पानी पुस्तिका छापायची होती. अफगाणिस्तानातल्या, बहुतांश शिया असलेल्या हजारा समाजाचे हे नेते. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं. मजकूर माझा होता. काम दिलं ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका लहान दुकानात. खाली झेरॉक्स, पोटमाळ्यावर कंपोजिंग.

कंपोज करणाऱ्या ताई मजकूर वाचत वाचत टाइप करतात. या दुकानाची शिफारस मी मुख्यतः त्यासाठीच करतोय. अफशारच्या पानावर त्या थांबल्या. पश्चिम काबूलमधली ही हजारांची वस्ती. फेब्रुवारी 1993 मध्ये मसूद आणि सय्याफ या मुजाहिदीन नेत्यांच्या फौजा तिच्यात घुसल्या, कित्येक माणसं मारली, कित्येक बेपत्ता झाली. ताईंनी विचारलं, "सर, मग यांच्या बाजूच्यांनी काहीच केलं नव्हतं?" केलं होतं. मझारींच्या हिज्ब-ए-वहदत या पक्षाच्या सैनिकांवरही अपहरणाचे आणि छळाचे आरोप मानवी हक्क संघटनांनी नोंदवलेत. तो परिच्छेद पुढच्या प्रकरणात होता. "समोरासमोरच्या पानांवर घेऊ या की," ताई म्हणाल्या, आणि जागा करूनही दिली. माणूस मोठा म्हणून त्याच्या बाजूचं रक्त झाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि माणूस मोठा होताच. 1890 च्या दशकात अफगाणिस्तानचा राजा अमीर अब्दुर रहमानने हजारांचा उठाव चिरडला, जमिनी गेल्या, माणसं गुलाम म्हणून विकली गेली. पुढे कित्येक पिढ्या हजारांच्या वाट्याला हमाली आणि हेटाळणीच आली. मझारींनी 1989 मध्ये बामियानला विखुरलेले शिया पक्ष वहदतमध्ये एकत्र आणायला पुढाकार घेतला आणि उघड मागणी केली: सत्तेत वाटा, संघराज्य, शिया धर्मशास्त्राला मान्यता. यातली शेवटची मागणी 2004 च्या राज्यघटनेत आली. ती पाहायला ते नव्हते.

मार्च 1995 मध्ये तालिबानने त्यांना पकडून मारलं. लोकांनी त्यांचा देह गझनीहून बर्फातून, खांद्यावरून बामियानला आणि तिथून मझार-ए-शरीफला नेला. त्या वाटेचा ए-थ्री घडीचा नकाशा पुस्तिकेत आहे. पहिल्या प्रूफात डोंगरांच्या करड्या छटेत वाट हरवली होती. दुकानाच्या काकांनी ती लाल आणि जाड करून दुसरं प्रूफ काढलं, त्याचे पैसे लावले नाहीत. आता बामियान, गझनी, मझार डोळ्यांना लगेच सापडतात.

तक्रार एकच. मुखपृष्ठावर फारसी लिपीतलं नाव घ्यायचं होतं, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी होऊन उलट क्रमाने आली. शेवटी मी घरून चित्र करून दिलं. फारसी किंवा उर्दू मजकूर असेल तर तो चित्र म्हणूनच न्या.

मुखपृष्ठाचा कागद जाड निघाला, सेंटर पिन घट्ट बसली आहे, शाई हाताला लागत नाही. 2021 मध्ये बामियानमधला मझारींचा पुतळा फोडला गेला, त्याचा परिच्छेद मी शेवटच्या क्षणी वाढवला, तोही ताईंनी पानं न हलवता बसवला. संध्याकाळी शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टची गर्दी असते. पुस्तिकेचं काम असेल तर सकाळी दुकान उघडताच जा आणि प्रूफ तिथेच बसून वाचा, काका टेबल मोकळं करून देतात.