चार्जिंग पोर्ट गेलं, टॉर्च चालू आहे: हेडटॉर्चचा पावसाळा ते उन्हाळा अनुभव

हेडटॉर्च घेताना ल्युमेन (म्हणजे उजेडाचं माप), वजन, किंमत सगळं बघा, पण त्याआधी चार्जिंग पोर्टवरचं रबराचं झाकण नखाने उघडून बघा. माझ्या टॉर्चचं झाकण एका बारीकशा रबरी शेपटीवर लटकत होतं. ऐन श्रावणात, कळसूबाईच्या बारी गावाकडच्या वाटेवर, ते तुटून कुठेतरी पडलं. वर जाईपर्यंत पाऊस थांबला नाही. उतरल्यावर चार्जिंगला लावली, तर चार्ज होईना.

टॉर्च दोन हजारांच्या आतली. 400 ल्युमेन, टाइप-सी, लाल दिवा, आयपीएक्स4. सोबत लिथियम बॅटरी, आणि ती काढून त्या जागी तीन बारीक (एएए) पेन्सिल सेल घालायची सोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असलं झाकण मी बऱ्याच टॉर्चवर पाहिलंय.

सर्व्हिस सेंटरमध्ये पोर्टमधला हिरवट गंज दाखवून सांगितलं, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." मी खोका पुढे केला. आयपीएक्स4 म्हणजे कुठल्याही बाजूने उडणाऱ्या पाण्यात टिकायला हवी. उत्तर आलं, झाकण नीट लावलेलं असेल तरच. ठीक आहे, मग झाकण द्या. तर म्हणे सुटं झाकण मिळत नाही, नवीन टॉर्च घ्या. ज्या रबरावर सगळं वॉटरप्रूफिंग अवलंबून आहे तेच रबर सुटं मिळत नसेल, तर खोक्यावरच्या त्या आकड्याला काय अर्थ आहे? सह्याद्रीत पावसाळ्यात चार महिने भिजणाऱ्या माणसाला तुम्ही ही वस्तू विकता. दोन जादा झाकणं खोक्यात टाकायला किती खर्च येतो? मी मेल केले, फोन केले, फोटो पाठवले. काही झालं नाही. चीड अजून गेलेली नाही.

इथपर्यंतचं वाचून वाटेल की टॉर्च घेऊ नका असं सांगतोय. दिवाळीपर्यंत माझंही तेच मत होतं. पण मग घरात पडलेले रिचार्जेबल बारीक सेल घातले आणि टॉर्च पुन्हा लागली. पोर्ट मेलंय, बाकी सगळं शाबूत. घेताना ही सेलची सोय मला फुकटची भर वाटली होती. आता मी म्हणेन की पैसे तिच्यासाठीच द्यावेत. बॅटरी आतच बंद केलेली टॉर्च असती तर पोर्टबरोबर सगळीच कचऱ्यात गेली असती. सेलचा चार्जर मुलांच्या खेळण्यांसाठी आधीच घेतलेला होता, त्यामुळे खर्च शून्य.

सेलवर सगळ्यात वरचा उजेड थोडा कमी पडतो, हे खरं. पण चालताना तो लागतो कुणाला? मळलेल्या वाटेवर मधला मोड भरपूर होतो. पूर्ण झोत मी फक्त वाट चुकल्याची शंका आली की पुढचा बाण किंवा दगडांची रास शोधायला लावतो. शिडीवर किंवा कातळात दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हेडटॉर्च, आणि तिथे पायाखालचं चार-पाच फूट दिसलं की झालं. धुक्यात तर जास्त उजेड उलटा त्रास देतो. दिवा कपाळावर असल्यामुळे धुक्यावरून झोत सरळ डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी टॉर्च काढून कमरेच्या उंचीवर हातात धरायची. वाट लगेच दिसायला लागते.

खोक्यावरच्या तासांबद्दलही सांगतो. हे आकडे ज्यावरून काढतात त्या एएनएसआय एफएल1 या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे 400 ल्युमेनची टॉर्च शेवटी 40 ल्युमेन देत असते, तरी ती मिनिटं त्या तासांत मोजलेली असतात. झोताच्या अंतराचंही तसंच. जिथे उजेड 0.25 लक्स उरतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तिथपर्यंत ते मोजतात. फसवणूक नाही, पण हे माहीत असलं की 300 आणि 400 मधल्या फरकासाठी पाचशे रुपये जास्त मोजावेसे वाटत नाहीत. हजारो ल्युमेन आणि 9900 एमएएच क्षमतेचे 18650 मापाचे लिथियम सेल असं लिहिलेल्या स्वस्त झूम टॉर्चकडे मात्र फिरकू नका. या मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता 3500 एमएएचच्या आसपास असते. जो सेलवर खोटं लिहितो, त्याच्या सेलमधल्या सुरक्षेवर विश्वास ठेवून तो कपाळाला बांधायचा का?

लाल दिव्याने मात्र मन जिंकलं. मुक्कामाला रात्री उठून पाण्याची बाटली शोधताना बाकीच्यांची झोप मोडत नाही, आणि दिवा बंद केल्यावर आपले डोळेही अंधाराला लवकर सरावतात. माझ्या टॉर्चमध्ये बटण दाबून धरलं की थेट लाल लागतो, पांढऱ्यातून जावं लागत नाही. दुकानात हे नक्की तपासा. मे अखेरीला भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेलात तर लालही फक्त वाटेपुरता, खाली वळवून वापरा. झाडांपाशी पोचल्यावर पूर्ण बंद. नर-मादी एकमेकांना चमकूनच शोधतात, आपल्या उजेडाने त्यांचा खोळंबा होतो.

पट्टा घामाने कडक होतो, धुतला की ठीक. बटणाला लॉक आहे, तो सॅकमध्ये टाकताना लावतोच.

नवीन घेणाऱ्यांसाठी: बजेट हजाराच्या आत असेल तर पोर्टच नसलेली, फक्त तीन बारीक सेलची, 150 ते 200 ल्युमेनची साधी टॉर्च घ्या. रिचार्जेबल सेलचा एक संच आत, एक कोरड्या पिशवीत. त्याहून जास्त द्यायची तयारी असेल तर बॅटरी बाहेर निघते का आणि ती सुटी विकत मिळते का, हे दुकानदाराला विचारा. साधे अल्कलाइन सेल वापरत असाल तर ट्रेक झाल्यावर काढून ठेवा. आत राहून पाझरले की पत्र्यांना गंज धरतो, आणि तेही वॉरंटीत बसत नाही.