जनरेट केलेल्या सी कोडमधले पॉइंटर: फ्लॅग, पॅच की जनरेटर?

पुण्यातल्या कॉलेजांत टर्बो सीवर शिकलेल्यांना ‘नॉन-पोर्टेबल पॉइंटर कन्व्हर्जन’ ही वॉर्निंग चांगलीच आठवत असेल. तेव्हा काणाडोळा केला तरी भागायचं. हिंजवडी-चाकणकडच्या कंट्रोलर प्रोजेक्टमध्ये आता भागत नाही. तिथे सी कोड जनरेटर नावाचं टूल तयार करतं आणि कधी पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, इंटमध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकात ठेवतं. 32-बिट बोर्डवर इंट आणि पॉइंटर दोन्ही 4 बाइटचे, म्हणून जनरेट केलेला कोड बिनबोभाट चालतो. तोच सिम्युलेशनसाठी 64-बिट लिनक्सवर नेला की पॉइंटर 8 बाइटचा होतो, इंट 4 चाच राहतो. पत्त्याचे वरचे 32 बिट गळतात आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे चुकीच्या पत्त्यावर जाऊन प्रोग्राम बंद पडतो. त्यात 2024 च्या जीसीसी 14 या कंपायलरपासून पॉइंटर कास्ट न करता (टाइप उघडपणे न बदलता) इंटमध्ये टाकला तर थेट एररच येते.

सगळ्यात झटपट उपाय म्हणजे कंपायलरला ‘एफपर्मिसिव्ह’ हा फ्लॅग (ऑप्शन) देणं. एररची पुन्हा वॉर्निंग होते, बिल्ड पास होते, पण बिट गळायचे ते गळतातच. कोड कायम 32-बिटवरच राहणार असेल तर त्या एका फाइलपुरता हा फ्लॅग चालेल, एरवी नको.

जनरेट झालेली फाइल हाताने दुरुस्त केली तर पुढच्या जनरेशनला सगळं पुसलं जातं. त्यामुळे बदल पॅच (फक्त फरकांची वेगळी फाइल) म्हणून ठेवा, जनरेटरनंतर लगेच आपोआप लागू द्या आणि पॅच बसला नाही तर बिल्ड थांबवा. कास्ट निवडतानाही जपून: इंटच्या कास्टने एरर जाते, गळती तशीच राहते. लाँग लिनक्सवर 64 बिटचा असला तरी 64-बिट विंडोजवर 32 चाच. सी99 मधला ‘यूइंटपीटीआर_टी’ (पॉइंटर मावेल एवढा पूर्णांक) याच कामासाठी आहे, तोच वापरा.

जनरेटरचं टेम्प्लेट (ज्या साच्यातून कोड निघतो तो) हातात असेल तर मात्र मी दुसरीकडे बघणारही नाही. तिथे कन्व्हर्जनच काढून टाकता येतं: आकड्यासाठी एक फील्ड, पॉइंटरसाठी वेगळं व्हॉइड पॉइंटर फील्ड. मेमरी थोडी जास्त लागते, पण मिस्रा सी 2012 या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीतला नियम 11.6 व्हॉइड पॉइंटर आणि आकडा यांच्यातलं कास्टच नाकारतो. म्हणजे यूइंटपीटीआर_टी वापरूनही डेव्हिएशनची (नियम का मोडला याची) कागदपत्रं करावी लागतात, ती इथे वाचतात.

जनरेटर व्हेंडरचा आणि बंद असेल तर पॅच लावा, व्हेंडरकडे तिकीट टाका, आणि तोवर 64-बिट बिल्डमध्ये ‘पॉइंटर-टू-इंट-कास्ट’ ही वॉर्निंग एरर करून ठेवा.